कुलूप माझ्या नावावर

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)

मराठी विभागासाठी लिहायची ही माझी पहिलीच वेळ. माझं शिक्षण सगळं कॉन्व्हेंटमध्ये. तिथं मधल्या सुट्टीतसुद्धा मराठी बोललं की दोन रुपये दंड पडायचा, आणि दहावीपर्यंत मी बरेच पैसे भरले आहेत! तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात.

तर मंडळी, सबमिशनच्या आदल्या रात्रीचा सीन तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. लॅबच्या शेअर्ड फोल्डरमधला ग्रुपचा रिपोर्ट उघडायला जावं तर वर्ड सांगतं, फाइल अमक्याने उघडली आहे, तुम्हाला फक्त वाचता येईल. आणि तो अमका नेमका फाइल उघडी टाकून मेसमध्ये जेवायला गेलेला असतो. मग त्याच्या नावाने शिमगा. हिडन फाइल्स दिसायचं सेटिंग चालू असेल तर रिपोर्टच्या शेजारी एक पुसट, इवलीशी फाइल दिसते. नाव जवळजवळ तेच, फक्त सुरुवातीला एक लाटेसारखं चिन्ह आणि डॉलर. ती म्हणजे कुलूप. तिच्या पोटात ज्याने फाइल उघडली त्याचं नाव असतं, बाकी काही नाही.

मी जे सांगणार आहे ते अशाच एका कुलपाबद्दल. फक्त ते जरा मोठं होतं, आणि त्याच्यावर नाव माझं होतं.

आमचा मिनी प्रोजेक्ट आंब्याच्या अढीचा. रत्नागिरीत राहून दुसरा विषय सुचणार तरी कुठला! हापूस उतरवला की पेंढ्यात थर लावून पिकायला ठेवतात, तीच अढी. आतली ऊब किती, दमटपणा किती, हे अनुभवी माणूस नुसता हात घालून सांगतो. आम्हाला तो हात नाही, म्हणून सेन्सर. तापमान आणि आर्द्रता मोजायची, ईएसपी ३२ वरून वायफायने मोबाईलवर पाठवायची. ग्रुपमध्ये चौघं. हॉस्टेलवर कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही, गावाने मारतात. त्यामुळे चिपळूण आणि सोलापूर हे दोघं प्रोग्रॅमवाले, मिरज (माझी रूममेट) आणि मी कुडाळ अशा दोघी बोर्डवाल्या.

सगळं काम गिटवर. जुनिअर मंडळींसाठी थोडक्यात सांगते. गिटमध्ये फाइलची प्रत्येक आवृत्ती जपून राहते आणि दोघांनी एकाच फाइलवर काम केलं तरी ते ओळी जुळवून एकत्र करतं. चिपळूणने विसावी ओळ बदलली, सोलापूरने दोनशेवी, तर काही प्रश्नच नाही. दोघांनी एकच ओळ बदलली तर गिट दोन्ही ओळी समोर ठेवून म्हणतं, आता तुम्हीच ठरवा. प्रोग्रॅमच्या बाबतीत हे झकास चालतं. बोर्डाच्या बाबतीत नाही. किकॅडची बोर्डाची फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर अक्षरंच दिसतात, पण ती अक्षरं म्हणजे तांब्याचे ट्रॅक. एक कपॅसिटर दोन मिलिमीटर सरकवला की कुठल्या कुठल्या ओळीतले आकडे बदलतात. गिट ओळी जुळवतं. वीज कुठून कुठं जाते हे त्याला ठाऊक नसतं.

हे आम्हाला जुलैमध्ये कळलं. मिरज आणि मी, एकाच खोलीत, एकमेकींकडे पाठ करून, एकाच रात्री एकाच बोर्डावर काम केलं. सकाळी गिटने काही कुरकुर न करता दोन्ही कामं जोडून दिली. किकॅडमध्ये उघडून बघतो तर तीन पॉइंट तीन व्होल्टचा ट्रॅक ग्राउंडच्या ट्रॅकवरून सरळ आरपार! तसा छापला असता तर स्विच टाकल्याबरोबर शॉर्ट. माझी त्यात नऊ रात्रींची मेहनत होती. मिरजेचं म्हणणं, तिने फक्त एक कपॅसिटर सरकवला. गाइड सरांनी दोघींचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरींनो, भांडू नका. बोर्डाच्या फाइलला लॉक लावा."

आता ही लॉकची भानगड आपल्या सगळ्यांच्या जन्माच्या आधीची आहे. मी शोधत गेले तेव्हा मजा वाटली. १९७२ साली बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंडने एससीसीएस नावाची पहिलीवहिली व्हर्जन कंट्रोल सिस्टीम केली. १९८२ च्या सुमारास पर्ड्यू युनिव्हर्सिटीत वॉल्टर टिची यांनी आरसीएस केली. तिचा नियम साधा होता. फाइल बदलायची असेल तर लॉक लावून बाहेर काढा. तुम्ही परत ठेवेपर्यंत दुसऱ्याने फक्त बघायचं.

मग ॲमस्टरडॅमला डिक ग्रून नावाचे एक सर होते. १९८४-८५ मध्ये ते दोन विद्यार्थ्यांबरोबर एक सी कंपायलर लिहीत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच नियमित काम करणारा. दुसऱ्याच्या वेळेचा काही नेम नाही. आणि सरांना स्वतःला फक्त संध्याकाळी वेळ. (आमचाच ग्रुप वाटला मला!) अशा तिघांत लॉक चालणार कसं? एकाने कुलूप लावलं की बाकीचे दोघे खोळंबले. म्हणून त्यांनी सीव्हीएस लिहिली आणि १९८६ साली ती सर्वांना खुली केली. सगळ्यांनी एकदम काम करा, नंतर जुळवून घेऊ. तेव्हापासून लॉक लावणं हे जरा मागासलेपणाचं समजलं जायला लागलं. सबव्हर्जन आली तीही आधी लॉकशिवाय. पण चित्रं, आवाज, मशीनच्या ड्रॉइंगच्या फायली जुळवून घेता येत नाहीत, हे काही बदलेना. शेवटी २००५ साली सबव्हर्जनच्या १.२ आवृत्तीत लॉक परत आलं. त्याच २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स कर्नलसाठी गिट लिहिलं, आणि त्यात लॉक नाही! ते असूही शकत नव्हतं. गिटमध्ये प्रत्येकाकडे पूर्ण रिपॉझिटरी असते. मग कुलूप लावायचं कोणाच्या दाराला? मोठ्या फायलींसाठी गिट एलएफएस म्हणून जोडणी आहे, तिच्यात २०१७ मध्ये लॉक आलं, तेही सर्व्हरवर. म्हणजे नेट असेल तरच लावता येतं आणि नेट असेल तरच इतरांना कळतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

आम्ही ते बसवलं. बोर्डाची फाइल आता सगळ्यांकडे रीड-ओन्ली. जिला काम करायचंय तिने लॉकची कमांड द्यायची, मग तिच्यापुरती फाइल खुली होते. यादी मागितली की फाइलचं नाव, लॉक लावणाऱ्याचं नाव आणि एक नंबर येतो. पहिल्या संध्याकाळी त्या यादीत मी माझं नाव बघितलं आणि मला फार बरं वाटलं. किती बरं वाटलं ते तेव्हा मी कोणाला सांगितलं नाही.

आमच्या शाळेत वर्गाच्या दारामागे एक लाकडी पाटी टांगलेली असायची. तास चालू असताना बाहेर जायचं तर ती हातात घेऊन जायचं. पाटी जागेवर नसेल तर गप्प बसायचं. मी पाटी मिळाली की मुद्दाम चर्चमागच्या लांबच्या नळावर पाणी प्यायला जायची. सिस्टर ओरडायच्या, पण पाटी हातात असेपर्यंत पूर्ण ग्राउंड आपलं असायचं.

ऑगस्टभर लॉक माझ्याच नावावर होतं. मिरज विचारायची, "झालं का गं तुझं?" मी म्हणायची, "थोडंसं राहिलंय."

मग गणपती आले. गणपतीला कोकणातला माणूस थांबत नाही, मग लेक्चर असो नाहीतर टेस्ट. मी गुरुवारी सकाळी रत्नागिरीहून कुडाळची गाडी पकडली. पकडली म्हणजे दारात एका पायावर उभी राहिले. विलवड्याला गाडी क्रॉसिंगला थांबली ती पाऊण तास. १९९८ च्या २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, रोहा ते वीर हा पट्टा २०२१ मध्ये दुहेरी झाला, पण आपल्या इकडे अजून एकेरीच रूळ. समोरची गाडी येऊन बाजूला होईपर्यंत आपण हलायचं नाही. डब्यातले सगळे रेल्वेला शिव्या घालत होते, मीही घातल्या. आपण मागे हॉस्टेलवर काय करून आलोय ते त्या पाऊण तासात माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

घरी रेंज फक्त फणसाच्या झाडाखाली, तीही एक काडी. पाच दिवस मी त्या झाडाखाली गेलेच नाही. आरत्या, मोदक, भजनं. एका रात्री सगळे झोपल्यावर मात्र लॅपटॉप उघडला. आजी म्हणाली, "गो, गणपतीत तरी ता बंद कर." मी दोन तास बोर्डावर काम केलं. काय काम केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. ट्रॅकचे कोपरे नीट केले आणि बोर्डाच्या कोपऱ्यात छापायला एक छोटासा आंबा काढला. पानासकट.

मंगळवारी परत आले आणि काम वर पाठवायला गेले तर सर्व्हर घेईना. म्हणे तुमच्याआधी कोणीतरी बदल केलाय. कोण करणार? लॉक माझ्याकडे आहे! यादी मागितली. यादीत मिरज. आणि तिच्या कामाखाली तिने लिहिलं होतं, "रेग्युलेटरच्या पिना दुरुस्त केल्या. लॉक तोडलं. सॉरी."

मी सरळ खोलीत गेले. ती कपडे वाळत घालत होती.

"तू माझं लॉक तोडलंस?"

"माझं म्हणजे? बोर्ड कोणाचा आहे गं?"

त्यानंतर आम्ही जे बोललो ते मासिकात छापण्यासारखं नाही. रेक्टर मॅडम वर येऊन गेल्या एवढं सांगते. चार दिवस आम्ही एका खोलीत एकमेकींशी बोललो नाही. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे, दहा बाय बाराच्या खोलीत न बोलणं किती कष्टाचं काम आहे ते.

आता पिनांचं. आधी आम्ही ७८०५ रेग्युलेटर घेतला होता. त्याच्या पिना ओळीने इनपुट, ग्राउंड, आउटपुट. मग ३.३ व्होल्टसाठी मी एएमएस १११७ घेतला, पण लायब्ररीतलं माझं जुनं चिन्हच नाव बदलून वापरलं. एएमएस १११७ च्या पिना ग्राउंड, आउटपुट, इनपुट अशा असतात. म्हणजे इनपुटचे पाच व्होल्ट मी ग्राउंडच्या पिनेवर नेऊन दिले होते. बोर्ड तसाच छापून आला असता तर पहिल्याच स्विचला धूर. आणि हे महिनाभर माझ्या नजरेतून सुटलं, कारण मी कोपरे बघत होते.

मिरजेला ते शुक्रवारी दिसलं. लॉक लिहायला मनाई करतं, वाचायला नाही. ती वाचत बसली होती. तिने मला फोन केले, मेसेज केले. परत येताना गाडीत रेंज आल्यावर माझा मोबाईल बराच वेळ टिंग टिंग करत होता, पण मी दारात दोन बॅगांच्या मध्ये उभी, बघितलाच नाही. मागून मोजले, सतरा होते. पीसीबी करून देणारा सोमवारी संध्याकाळपर्यंत फाइल घेणार होता, नाहीतर पुढची बॅच पंधरा दिवसांनी. सोमवारी दुपारपर्यंत तिने वाट बघितली. रिपॉझिटरी तिच्या अकाउंटवर असल्यामुळे तिला जबरदस्तीने लॉक काढता येत होतं. तिने काढलं.

हे सगळं मला चार दिवसांत तिच्याकडून नाही, चिपळूणकडून कळलं. तो बिचारा दोन्हीकडचे निरोप पोचवून कंटाळला होता.

रविवारी मिरजेचे बाबा आले, भडंगाची मोठी पिशवी घेऊन. रेल्वेत स्टेशनमास्तर होते, आता रिटायर्ड. व्हिजिटर्स रूममध्ये आम्ही दोघी त्यांच्या दोन बाजूंना, मध्ये भडंग. लेकीने घरी सगळं सांगितलेलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. पण त्यांनी विषय काढला तो गोळ्याचा.

त्यांच्या सुरुवातीच्या नोकरीत एकेरी लाइनवर टोकनचं यंत्र असायचं. दोन शेजारच्या स्टेशनांत दोन यंत्रं, तारेने जोडलेली, आत लोखंडी गोळे. पलीकडच्या मास्तरने संमती दिली की इकडच्या यंत्रातून एक गोळा निघतो. तो चामड्याच्या पिशवीत, वेताच्या मोठ्या कडीला लावून ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. गोळा हातात नाही तर गाडी पुढे नाही. आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्ही यंत्रांतून दुसरा निघतच नाही, कितीही ओढा. गाडी पुढच्या स्टेशनात पोचली की गोळा तिथल्या यंत्रात टाकायचा, मग लाइन मोकळी. आता बहुतेक ठिकाणी गोळ्याऐवजी विजेचे सिग्नल आले, पण दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी हे तत्त्व तेच. मला विलवड्याचा पाऊण तास आठवला.

मी विचारलं, "काका, पण यंत्रच बंद पडलं तर? गाड्या उभ्याच राहणार?"

"नाही. गाडी सोडता येते," ते म्हणाले. "पण कशी? पलीकडच्या मास्तरला फोन करायचा. तो सांगणार, माझ्या बाजूला लाइन मोकळी आहे, आणि प्रायव्हेट नंबर देणार. आपण आपला देणार. दोन्ही नंबर वहीत लिहायचे. मग ड्रायव्हरला कागद लिहून द्यायचा, त्याची सही घ्यायची. मागे तीन गाड्या तुंबल्या असल्या तरी यातलं एक पाऊल गाळायचं नाही." मग लेकीकडे बघून म्हणाले, "पलीकडचा फोन उचलत नाही म्हणून आपल्या मनाने गाडी सोडली, तर काय म्हणतील?"

मिरज खाली बघत होती. मला आतल्या आत बरं वाटलं, पण फार वेळ टिकलं नाही. काका भडंगाची मूठ भरून माझ्याकडे वळले आणि हसत म्हणाले, "आणि काय गं, पस्तीस वर्षांच्या नोकरीत गोळा खिशात घालून गणपतीला गावी गेलेला ड्रायव्हर काय मी बघितला नाही."

दोघी एकदमच हसलो. मग मला रडू आलं. मी मिरजेला सांगितलं की ऑगस्टमध्ये लॉक माझ्याकडे होतं तेव्हा बऱ्याच रात्री मी काही करतच नव्हते. तुझा हात बोर्डाला लागू नये म्हणून ते लावून ठेवलं होतं. ती म्हणाली, "माहितीये. सेव्हची वेळ दिसते की." म्हणजे तिला महिनाभर माहीत होतं!

नंतर मी परत त्या जुन्या सिस्टीमबद्दल वाचलं. आरसीएसमध्ये दुसऱ्याचं लॉक तोडता येतं, पण तोडताना ती तुम्हाला कारण लिहायला लावते आणि तुम्ही लिहिलेलं ते कारण मूळ मालकाला मेलने पाठवते. सबव्हर्जनमध्ये लॉक लावतानाच कशासाठी लावलं ते लिहायची सोय आहे. आमच्या यादीत मात्र नुसतं नाव. काम चालू आहे, की मालकीण मोदक खातेय, हे त्यातून कळत नाही. म्हणून आम्ही कपाटाच्या दाराला एक दोनशे पानी वही दोरीने बांधली आहे. लॉक लावणाऱ्याने काय करणार आणि कधी सोडणार ते लिहायचं. गावी जाणाऱ्याने घरच्या लँडलाइनचा किंवा शेजाऱ्यांचा नंबर लिहायचा. तोडायचंच असेल तर आधी उरलेल्या दोघांना विचारायचं आणि तिघांनी सही करायची. सोलापूर या वहीला ट्रेन रजिस्टर म्हणतो.

या वहीचाही वैताग येतोच. रात्री दोन वाजता एक रेझिस्टर सरकवायला कोण उठून कपाटापर्यंत जाणार? चिपळूणचं तर म्हणणं आहे की बोर्डाचे तुकडे करा, सेन्सरची शीट वेगळी, पॉवरची वेगळी, म्हणजे एकीने पॉवरला लॉक लावलं तरी दुसरीला सेन्सरवर काम करता येईल. त्याचं बरोबर आहे. पण ते सुचायला सप्टेंबर उजाडला.

बोर्ड दसऱ्याच्या आधी आला. रेग्युलेटरच्या पिना मिरजेच्या. कोपरे माझे, म्हणजे तिच्या फाइलवर मी परत काढलेले. तेव्हा आंबा मी काढला नव्हता, लाज वाटत होती. बोर्ड आल्यावर बघते तर आंबा आहे, पानासकट. तिने लॉक लावून, वहीत "फळ" असं लिहून, घातला होता. पहिल्यांदा स्विच टाकला तेव्हा चौघांनी श्वास रोखला होता. हिरवा एलईडी लागला, धूर नाही. सध्या सेन्सर एका खोक्यात पेंढा आणि मेसमधून मागून आणलेल्या केळ्यांवर चालू आहे. खरी अढी एप्रिलशिवाय मिळायची नाही.

आज सकाळी यादीत दोन लॉक होती. एक सोलापूरचं, तो चुलत बहिणीच्या लग्नाला गेलाय. वहीत लिहून गेलाय, मंगळवारी येतो, फोन चालू आहे. दुसरं माझं, ते आत्ताच सोडलं. आणि हो, मराठी विभागाच्या संपादक मॅडमचा मघाशी निरोप आला की शेअर्ड फोल्डरमधला माझा लेख त्यांना रीड-ओन्ली दिसतोय, ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे थांबलेत. फाइल माझ्याच लॅपटॉपवर उघडी आहे. बंद करते.